ठुशी पिवळीधमक, नथीमागचा कागद राखाडी: घरगुती कॅटलॉगचे फोटो पुन्हा पुन्हा का बिघडतात

घरून इमिटेशन दागिने विकणाऱ्यांची एक तक्रार वर्षभर ऐकू येते. ठुशी हातात घेतली की छान तांबूस सोनेरी दिसते, फोटोत मात्र पिवळीधमक, नाहीतर हिरवट येते. पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या नथीमागे राखाडी कागद उमटतो. सोमवारी काढलेला साज आणि गुरुवारी काढलेला त्याच लॉटमधला साज शेजारी शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या कारागिरांचे वाटतात. मग 'फोटोत दाखवला तो रंग नाही' म्हणून पार्सल परत येतं आणि जाण्यायेण्याचा कुरिअर खर्च विकणारीच्या माथी बसतो. एका ठुशीवर सुटतात किती, आणि त्यातून हा खर्च गेला तर उरतं किती, हे ज्यांचं पोट यावर आहे त्यांना सांगायला नको.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो नवा फोन घेण्याचा. माझं मत याच्या अगदी उलट आहे. गेल्या चार-पाच वर्षांतला कुठलाही बऱ्यापैकी फोन या कामाला पुरतो. बिघाड असतो तो एक तर खोलीतल्या प्रकाशात, नाहीतर फोन दर फोटोला आपल्या मनाने जे ठरवतो त्यात. या दोहोंपैकी नेमकं काय बिघडलंय हे न शोधता दिवे, लाइट बॉक्स, स्टँड विकत घेत सुटलं की पैसे जातात आणि ठुशी पिवळी ती पिवळीच राहते.

आधी एक चाचणी

दहा रुपयांचं एक नवंकोरं, न काळवंडलेलं नाणं घ्या. याची बाहेरची कडा सोनेरी, मधला भाग रुपेरी आणि व्यास २७ मिलिमीटर. म्हणजे सोनेरी रंग, बिनरंगी धातू आणि आकार, तिन्हींचं माप एकाच जागी मिळतं. नाणं ठुशीशेजारी ठेवा. फोन स्टँडवर लावा, स्टँड नसेल तर पुस्तकांच्या चळतीला टेकवा. टायमर लावून, कशालाही हात न लावता तीन फोटो काढा. मग ठुशी उचलून तिथे काळ्या मण्यांचं मंगळसूत्र ठेवा आणि नाणं न हलवता आणखी एक फोटो काढा.

आता दागिना बघू नका, फक्त नाणं बघा. फोटोगणिक नाण्याचा रंग किंवा उजेड बदलला असेल तर फोन ठरवाठरवी करतोय. चारही फोटोंत नाणं सारखंच आहे, पण मधला रुपेरी भाग पिवळट किंवा निळसर दिसतोय, तर प्रकाशाचा रंग आणि फोनची सेटिंग जुळत नाही. नाण्याच्या एका अंगाची सावली पिवळट आणि दुसऱ्या अंगाची निळसर असेल तर दोन जातींचे दिवे एकमेकांत मिसळलेत. आणि कागदावर आडवे फिकट पट्टे दिसत असतील तर दिवा लुकलुकतोय. ज्याचं लक्षण दिसलं त्याचाच उपाय करा. सगळे उपाय एकदम केले तर कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या खेपेला पुन्हा चाचपडणं आलं.

फोटोगणिक रंग किंवा उजेड बदलतो

फोनला खोलीत कुठला दिवा आहे हे माहीत नसतं. चौकटीत जे दिसतं त्यावरून तो अंदाज बांधतो. चौकटभर सोनेरी ठुशी असली की त्याला वाटतं, दिवाच पिवळा आहे, आणि तो निळा रंग वाढवून सोनं विझवून टाकतो. तीच ठुशी लाल मखमलीवर ठेवली की त्याचा अंदाज भलतीकडे जातो आणि सोनं हिरवट होतं. उजेडाचंही तसंच. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असणार असं धरून फोन उजेड ठरवतो. चौकटीत पांढरा कागद जास्त असला की तो उजेड कमी करतो आणि कागद राखाडी होतो. काळी मखमल असली की उजेड वाढवतो आणि तीही राखाडीच होते. त्यामुळे पांढरा कागद मळका दिसतोय म्हणून आणखी एक दिवा लावला तरी फरक पडत नाही. जेवढा उजेड तुम्ही वाढवता तेवढाच फोन कमी करतो.

उपाय म्हणजे फोनकडे ठरवायला काही ठेवायचं नाही. कॅमेऱ्यात प्रो मोड, म्हणजे सगळं आपल्या हाताने ठरवायची सोय, असेल तर तो उघडा. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, सर्वांत कमी ठेवा, साधारण ५० ते १००. शटर, म्हणजे फोटोसाठी प्रकाश किती वेळ आत घ्यायचा ते, १/५० सेकंदावर ठेवा आणि फोटो काळा वाटला तर १/२५ करा. फोन स्टँडवर असल्याने आणि ठुशी पळून जात नसल्याने एवढ्या संथ शटरने काही बिघडत नाही, फक्त बटण न दाबता टायमर वापरा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाचा रंग भरून काढणारी सेटिंग, ऑटोवरून काढून केल्विनच्या (प्रकाश पिवळट की निळसर हे सांगणाऱ्या मापाच्या) आकड्यावर बसवा. बल्बच्या खोक्यावर ६५०० केल्विन छापलं असेल तर तिथून सुरुवात करा आणि नाण्याचा मधला भाग बिनरंगी दिसेपर्यंत थोडं वरखाली करा. प्रो मोड नसेल तर अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा हे मोफत अ‍ॅप आहे, बऱ्याच फोनवर त्यातून ही नियंत्रणं मिळतात. तेही जमत नसेल तर निदान स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा आणि उजेडाची पट्टी +०.७ ते +१ पर्यंत सरकवा. राखाडी कागद तिथल्या तिथे पांढरा होतो.

एचडीआर, सीन ओळखणारी 'एआय' सोय, फिल्टर, नाइट मोड, सगळं बंद. या सोयी फोटो सुंदर करायला असतात, आपल्याला फोटो खरा हवाय.

एक छुपा दोष इथेच सांगते, कारण तो भल्याभल्यांना सापडत नाही. फोन दागिन्याच्या फार जवळ नेला की अनेक फोन आपोआप मुख्य कॅमेरा सोडून अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर जातात, कारण त्याला जवळचं स्पष्ट दिसतं. हा कॅमेरा वेगळा, त्याचं भिंग वेगळं, रंगही वेगळा. म्हणून लांबून घेतलेली नथ एका रंगाची आणि जवळून घेतलेली दुसऱ्या रंगाची होते. सेटिंगमध्ये ऑटो मॅक्रो बंद करा. आयफोनवर जवळ गेलं की फुलाचं चिन्ह येतं, त्यावर बोट ठेवलं की हे थांबतं.

सगळे फोटो सारखेच चुकीचे

इथे दोष दिव्यांत. घरात बहुधा छताला पांढरी एलईडी ट्यूब असते ६५०० केल्विनची, कोपऱ्यातला शोभेचा दिवा २७०० किंवा ३००० केल्विनचा पिवळट, आणि खिडकीतून येणारं आभाळ या दोन्हींहून वेगळं. डोळा हे सगळं सांभाळून घेतो, कॅमेरा नाही. यातल्या एकाला धरून व्हाइट बॅलन्स लावला की दुसऱ्याचा डाग फोटोत राहणारच. एडिटिंगच्या कुठल्याही एका पट्टीने दोन रंगांच्या सावल्या एकदम निघत नाहीत. म्हणून नियम साधा: फोटो काढताना खोलीत एकाच जातीचा प्रकाश. खिडकी वापरायची तर सगळे दिवे बंद. दिवे वापरायचे तर खिडकीला जाड पडदा, आणि दोन्ही बल्ब एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले.

खिडकीचा प्रकाश फुकट आणि सुरेख, पण तो आपल्या वेळेवर मिळत नाही. गौरी-गणपतीसाठी माल लागतो तो श्रावणात, आणि तेव्हा आभाळ घटकेत उजळतं, घटकेत झाकोळतं. वीस नगांचा सेट काढेपर्यंत प्रकाश पाच वेळा बदललेला असतो. थोडे थोडे फोटो सतत काढणाऱ्या माणसाने दोन बल्बची कायमची मांडणी करावी, हे मी आग्रहाने सांगते. बल्ब घेताना वॉटपेक्षा सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, बघा. तो ९० किंवा वर असलेला घ्या. स्वस्त बल्बवर बहुतेक ८० असतो. आणि त्यातही एक खाच आहे. सीआरआयचा नेहमीचा आकडा आठ सौम्य रंगांवरून काढतात, गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. त्याचं माप आर९ या नावाने वेगळं देतात. ते कमी असलेल्या दिव्याखाली नथीतला लाल खडा विटकरी दिसतो, आणि सोनेरीतली तांबूस छटा सर्वांत आधी जाते. खोक्यावर आर९ दिलेला असेल तर जास्त आकड्याचा बल्ब निवडा.

रंगाचा डाग दिव्यातूनच येतो असंही नाही. पोपटी भिंत, निळी सतरंजी, टेबलावरचा लाल ऑइलक्लॉथ यांवरून उडालेला प्रकाश दागिन्यावर पडतो. अंगातला कुर्ताही यात आला. हुपरीच्या चांदीच्या पैंजणांचा फोटो गुलाबी कुर्ता घालून काढून बघा, चांदीत गुलाबी झाक स्पष्ट दिसेल. चांदीला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो, ती समोरचा उचलते. फोटोच्या दिवशी पांढरं किंवा राखाडी घाला.

कागदाबद्दलही एक सांगायला हवं. झेरॉक्सचा कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारी द्रव्यं घातलेली असतात. दिवसाच्या उजेडातल्या अतिनील किरणांनी ती निळसर उजळतात. त्या कागदावर बोट ठेवून व्हाइट बॅलन्स घेतला तर तो निळा काढायच्या नादात सगळं पिवळं होतं, आणि ठुशी पिवळीधमक येण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. व्हाइट बॅलन्ससाठी झेरॉक्सचा कागद टाळा. छायाचित्रणाच्या दुकानातलं राखाडी कार्ड मिळालं तर उत्तम, नाहीतर नाण्याचा मधला भाग वापरा.

मण्यांवर काळे डाग

आता सर्वांत अवघड, आणि खरं तर सर्वांत महत्त्वाचं दुखणं. ठुशीचा फोटो मोठा करून एकच मणी बघा. त्यात एका बाजूला खिडकी दिसेल, गजांसकट. मधोमध काळा चौकोन दिसेल, तो तुमचा फोन. त्याच्या खाली कोपरापर्यंत तुमचा हात. मणी हा बाहेर फुगलेला आरसा आहे, त्यात जवळजवळ अख्खी खोली मावते. ठुशीवर असे मणी दाटीने बसवलेले, म्हणजे तीच खोली शेकडो वेळा. ज्याला आपण 'सोनं काळपट आलं' म्हणतो तो सोन्याचा रंग नसतोच, तो खोलीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यांचा असतो. म्हणून दागिन्यावर जास्त उजेड पाडून काही होत नाही. दागिन्याला जे दिसतं ते पांढरं करावं लागतं.

यासाठी बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर पुरतो. दागिन्याभोवती त्याचं बिनझाकणाचं नळकांडं करा, साधारण ताटाएवढ्या घेराचं, आणि क्लिपा लावा. वरून पांढऱ्या कार्डशीटचं झाकण ठेवा, त्याला फक्त भिंगापुरतं भोक पाडा. दोन्ही बल्ब नळकांड्याच्या बाहेर, दोन बाजूंना, वीतभर अंतरावर. प्रकाश कागदातून गाळून येतो आणि मण्यांना सगळीकडे पांढरंच दिसतं. फोनचा काळा चौकोन जाऊन भोकाएवढा ठिपका उरतो. बल्ब एलईडीच हवेत. जुने पिवळे बल्ब किंवा हॅलोजन तापतात, कागद पेट घेऊ शकतो. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून आलेले थर्माकोलचे तुकडे टाकून देऊ नका, नळकांड्याऐवजी दोन बाजूंना तेही भिंत म्हणून उभे राहतात.

पण इथवर येऊन बरेच जण थांबतात आणि नवं दुखणं मागे लावून घेतात. सगळीकडे पांढरं केल्यावर डाग जातात आणि ठुशीची घडणही जाते. मणी एकमेकांत मिसळतात, सोनं फिकट आणि सपाट होतं. रेडीमेड लाइट बॉक्समध्ये काढलेले दागिने निर्जीव दिसतात त्याचं कारण हेच. आता थोडा काळा रंग परत आणायचा, मात्र आपण ठरवू तिथे. काळ्या कार्डशीटच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा. एक डावीकडे, एक उजवीकडे, चौकटीच्या जरासं बाहेर, नळकांड्याच्या आत उभ्या करा. स्क्रीनवर बघत पट्टी हळूहळू आत सरकवा. एका जागी आली की प्रत्येक मण्याच्या कडेला बारीक गडद रेघ उमटते आणि मणी सुटा, गोल, भरीव दिसायला लागतो. नथीची तार, बोरमाळेचे मणी, वज्रटीकेची कडा, सगळ्यांना हाच उपाय. पट्टी किती आत घ्यायची हे दागिन्यागणिक बदलतं, त्याचा ठरीव आकडा नाही. या एका कामाला वेळ द्या. कॅटलॉगमध्ये दोन विक्रेत्यांचे फोटो वेगळे ओळखू येतात ते इथे.

अमेरिकन डायमंडच्या खड्यांना उलटी गरज असते. मऊ प्रकाशात ते काचेचे तुकडे दिसतात, त्यांना चमकायला टोकदार दिवा लागतो. एका बाजूच्या बटर पेपरला रुपयाएवढं भोक पाडा आणि त्यातून तोच बल्ब थेट खड्यावर पडू द्या. मोबाइलचा टॉर्च वापरू नका, त्याचा रंग बल्बशी जुळत नाही.

फोनवर लावायचा पोलरायझर या कामासाठी घेऊ नका. काच, प्लॅस्टिकची डबी, पाणी यांवरची चमक त्याने कमी होते. उघड्या धातूवरची होत नाही.

पांढऱ्यावर पांढरे मोती

तन्मणी किंवा मोत्याची नथ पांढऱ्या कागदावर ठेवून उजेड +१ केला की मोत्यांच्या कडा कागदात विरघळतात आणि पाणी, म्हणजे मोत्याची झळाळी, जळून जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर विकत असाल तर पांढऱ्या पार्श्वभूमीचा हट्ट सोडा. फिकट राखाडी किंवा फिकट बदामी कागदावर मोती फार देखणे दिसतात. अ‍ॅमेझॉनवर मात्र मुख्य चित्राला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते आणि वस्तूने चौकटीचा किमान ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. तिथे दागिना स्वच्छ काचेवर ठेवा, काच कागदापासून वीतभर उंच टेका आणि कागदावर वेगळा दिवा सोडा. कागद पूर्ण पांढरा होईल, मोत्यावर तेवढा उजेड येणार नाही.

पार्श्वभूमी आपोआप कापणाऱ्या अ‍ॅपवर नथ सोपवू नका. ती अ‍ॅप बारीक तार खातात, आणि मोत्यांमधल्या फटी बुजवतात. कापायचंच असेल तर मोठं करून प्रत्येक तार डोळ्यांखालून घाला.

धूसर फोटो, पट्टे

मोती स्पष्ट आणि तार धूसर, हा जवळ जाण्याचा परिणाम. जेवढं जवळ जाल तेवढी फोकसची खोली कमी. फोन एक फूट मागे घ्या, झूम २एक्स करा आणि नंतर कापा. कॅटलॉगला हजार-दीड हजार पिक्सेलचं चौकोनी चित्र पुरतं. मागे गेल्याने नथीचा आकारही बिघडत नाही, नाहीतर पुढचा मोती अवाढव्य आणि मागचा एवढासा येतो. स्वस्त फोनमधला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा वापरू नका. आणि भिंग पुसा, सुती कापडाने, रोज.

आडव्या पट्ट्यांचं कारण आपली वीज. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची, म्हणून हलक्या प्रतीचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१००, १/५० किंवा १/२५ ठेवलं की पट्टे जातात. तरीही राहिले तर बल्ब बदला.

फोटो चांगला, तरी गिऱ्हाईक म्हणतं रंग वेगळा

आधी स्वतःचा स्क्रीन तपासा. तो 'व्हिव्हिड'वर असेल, किंवा रात्रीचा पिवळा डोळा-आराम मोड चालू असेल, तर तुम्ही केलेली प्रत्येक दुरुस्ती चुकीच्या चष्म्यातून झालीय. स्क्रीन 'नॅचरल' करा, मोड बंद करा, मग स्नॅपसीडसारख्या मोफत अ‍ॅपमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (रंग टिपणारं चिन्ह) नाण्याच्या मधल्या भागावर टेकवा. त्याच प्रकाशातल्या बाकी फोटोंना तीच दुरुस्ती द्या. सॅच्युरेशन वाढवू नका. सोनं जास्त सोनेरी करून विकलेली ठुशी परत येतेच.

गिऱ्हाइकाचा स्क्रीन आपल्या हातात नाही. म्हणून प्रत्येक दागिन्याचा एक जास्तीचा फोटो नाण्यासह काढून ठेवा आणि विचारणारीला तो पाठवा. नाणं तिच्याही पाकिटात असतं. ती ते स्क्रीनशेजारी धरून रंग आणि आकार दोन्ही ताडून बघू शकते. 'फोटोत मोठी दिसली' ही तक्रार याने बरीच थांबते, तरी लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहाच. फोटो पाठवताना एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून बारीक करतं आणि जाळीकाम चिकटल्यासारखं दिसतं.

मांडणी जमली की टेबलावर बल्ब, नळकांडं, स्टँड यांच्या जागा चिकटपट्टीने आखा आणि आयएसओ, शटर, केल्विनचे आकडे वहीत लिहा. पुढच्या महिन्यात नवा माल आला की त्याच खुणांवर सगळं मांडून आधी नाण्याचा फोटो काढायचा आणि जुन्याशी जुळवायचा. नाणं जुळलं आणि तरीही नवी ठुशी जुनीपेक्षा पिवळी दिसली, तर या वेळी फोटो बरोबर आहे. प्लेटिंगचा रंग खरोखरच लॉटगणिक बदलतो. जुना फोटो काढून टाका, नव्या लॉटचा लावा, आणि कारागिराला दोन्ही ठुश्या शेजारी ठेवून दाखवा.